बाबांची ‘इस्टेट’

तीस वर्षांची स्टेशन वॅगन, दीड लाखाचं बजेट आणि हातात फक्त चार महिने! माहीमच्या एका कंपाऊंडमध्ये धूळ खात पडलेली टाटा इस्टेट पुन्हा रस्त्यावर आणताना काय काय करावं लागतं, त्याचा हा हिशेब.

तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकदा सहज चक्कर मारून बघा. पांढरी एसयूव्ही, करडी एसयूव्ही, मग पुन्हा पांढरी एसयूव्ही. त्या गर्दीत स्टेशन वॅगन दिसली, तर मला जरूर कळवा! आता स्टेशन वॅगन म्हणजे काय भाऊ, असं विचारणारेही असतील. सोपं आहे. डिकी वेगळी नसते, टप सरळ मागच्या दारापर्यंत जातो आणि मागची सीट आडवी केली की गाडीत सपाट खोली तयार होते. परदेशात चार पोरं, कुत्रा आणि तंबू घेऊन फिरायला निघणाऱ्या कुटुंबाची ही हक्काची गाडी. आपल्याकडे मात्र तिचं कधी जमलंच नाही.

प्रयत्न कमी झाले का? अजिबात नाही. हिंदुस्तान मोटर्सने अॅम्बेसेडरची इस्टेट काढली होती. मग १९९२ मध्ये टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आपली ‘टाटा इस्टेट’ घेऊन आली. त्यानंतर मारुतीची बलेनो अल्टुरा आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली आणि २००४ मध्ये टाटांचीच इंडिगो मरीना आली. सगळ्या आल्या तशा गेल्या. आपल्याला वेगळी डिकी असलेली गाडी म्हणजे ‘खरी कार’ वाटायची. मागून चौकोनी दिसणारी गाडी म्हणजे डिलिव्हरी व्हॅन! पुढे एसयूव्ही आल्या आणि तीच चौकोनी पाठ एकदम स्टायलिश झाली. याला म्हणतात नशीब.

आमच्या घरची इस्टेट नोव्हेंबर १९९५ ची. नंबर एमएच-०१, म्हणजे ताडदेव आरटीओ. गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. बाबांनी ती १९९९ मध्ये सेकंडहॅण्ड घेतली, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगमध्ये पॉवर विंडो असलेली ती एकटीच होती. गणपतीत कोकणात जाताना सहा माणसं, दोन पेट्या आणि नारळाचं पोतं तिच्यात आरामात मावायचं. घरची मूर्तीही लालबागहून तिच्यातूनच यायची, सीट आडवी करून आणि खाली गादी घालून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती लेडी जमशेटजी रोडवर रात्रभर पाण्यात उभी होती. त्यानंतरही ती चालली. २०२१ मध्ये बाबांची बायपास झाली आणि तेव्हापासून गाडी कंपाऊंडमध्ये कव्हरखाली गेली.

गाडी नाही, तर भंगार!

जुलै २०२५ मध्ये सोसायटीचं पत्र आलं. माहीममधल्या कितीतरी जुन्या इमारतींसारखी आमचीही रीडेव्हलपमेंटला निघाली होती. नोव्हेंबरअखेर कंपाऊंड रिकामं करायचं. चालती गाडी तुमच्याबरोबर न्या, बंद गाडी उचलली जाईल. योगायोग बघा, गाडीच्या रजिस्ट्रेशनची मुदतही त्याच नोव्हेंबरात संपत होती. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिली १५ वर्षं चालतं, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण.

आईचं मत स्पष्ट होतं, “देऊन टाक.” पुण्याहून दादाने फोनवर तेच सांगितलं, वर सल्लाही दिला. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली की सर्टिफिकेट मिळतं आणि त्यावर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. मुद्दा बिनतोड होता. फक्त नवी गाडी घेणार कोण? मी फ्रीलान्सर, बाबा पेन्शनर! बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त कपाटातून गाडीच्या कागदपत्रांची फाइल काढली आणि टेबलावर आणून ठेवली.

मी दीड लाखाची मर्यादा ठरवली. माझी एक फिक्स्ड डिपॉझिट आणि बाबांनी घातलेले पन्नास हजार. त्याच्या वर एक रुपया गेला, तर गाडी भंगारात, हे लेखी!

आधी चालणं, मग दिसणं

पहिल्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, “इंजिन उतरवावं लागेल, ऐंशी हजार.” आम्ही नमस्कार करून निघालो. दुसरे भेटले ते सेनापती बापट मार्गाच्या बाजूला छोटं गॅरेज चालवणारे एक चाचा. त्यांनी आधी ऑइल बोटावर घेऊन बघितलं, फॅनबेल्टची पुली हाताने फिरवली आणि म्हणाले, “बेटा, घाबरू नको. ये तो सुमो का इंजिन है.”

आणि इथेच आमचं बजेट वाचलं. इस्टेटमधलं १९४८ सीसीचं, ६८ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन टाटांनी १९९४ च्या सुमोतही वापरलं. सुमो हे नाव सुमंत मूळगावकरांवरून ठेवलेलं. टेल्को उभी करणाऱ्या या मराठी इंजिनीअरच्या नावा-आडनावाची पहिली अक्षरं, सु आणि मू. सुमो गावोगावी धावली, त्यामुळे या इंजिनाचे पार्ट आजही मिळतात आणि ते जाणणारे मिस्त्रीही. जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी पहिला फंडा हाच. गाडी दुर्मिळ असली तरी चालेल, इंजिन दुर्मिळ नको.

डिझेल असल्याचा आणखी एक फायदा झाला. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांना सध्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं टेन्शन आहे, कारण जुने रबरी पाइप आणि वॉशर त्याने खराब होऊ शकतात. ती कटकट आम्हाला नव्हती.

चाचांनी टाकी खाली केली, पंप-नोझल कॅलिब्रेशनला पाठवलं आणि हीटर प्लग बदलले. नवी बॅटरी लावल्यावर तिसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली आणि कंपाऊंडभर धूर झाला. चाचा धुराचा रंग बघत उभे. त्यांचं गणित तुम्हीही लक्षात ठेवा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे डिझेल नीट जळत नाहीये. निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि तेव्हा मात्र खिसा सांभाळा. आमचा आधी पांढरा होता, मग दहा मिनिटांत विरळ झाला. निळा नव्हता. बाबा गॅलरीतून बघत होते. त्यांनी वरूनच अंगठा दाखवला.

खरा शत्रू गंज

इंजिन स्वस्तात सुटलं, पण पत्र्याने हिशेब मागितला. माहीमची खारी हवा आणि २००५ चं पाणी, दोन्हींनी आपलं काम करून ठेवलं होतं. मॅटखालच्या फ्लोअरला तीन भोकं, मागच्या दाराखालची पट्टी कुजलेली, चाकांच्या कमानी फुगलेल्या. सुदैवाने इस्टेट पिकअपच्या धर्तीवर बनलेली, म्हणजे खाली वेगळी मजबूत चासी आणि तिच्यावर बॉडी. चासी हातोडीने ठोकून बघितली, खणखणीत निघाली. ती गेली असती, तर खेळ तिथेच खलास!

डेंटरने कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड केला. वरून पुट्टी थापून झाकणं निम्म्या पैशात झालं असतं, पण पुट्टीखालचा गंज वाढतच राहतो. संपूर्ण रंगाचं कोटेशन नव्वद हजार आलं, ते आम्ही सोडून दिलं. जिथे पत्रा बदलला तेवढाच भाग रंगवला. त्यामुळे गाडीचा निळा रंग आता दोन छटांमध्ये आहे. जवळून बघितलं तर कळतं. बघू देत!

सगळ्यात छळलं ते काचेच्या रबराने आणि मागच्या दिव्याने. सुमोचं इंजिन मिळतं, पण इस्टेटची पाठ फक्त इस्टेटलाच असते ना! कुर्ल्याच्या भंगार बाजारात तीन शनिवार घालवले. चौथ्या शनिवारी एका दुकानाच्या माळ्यावर डाव्या बाजूचा दिवा सापडला. रबराचं बीडिंग मात्र दुसऱ्या गाडीचं घेऊन कापून बसवलं. सीटचं रेग्झिन धारावीत साठ फुटी रस्त्याजवळ शिवून घेतलं. काम एवढं नीटनेटकं, की आईने सोफ्याच्या कव्हरचीही चौकशी केली.

ना नवी, ना व्हिंटेज

मग आले कागद. अनेकांना वाटतं, जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज, तिला सवलत मिळत असेल. तसं नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणवायला गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. तशी नोंदणी मिळाली तरी ती गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. भाजी आणायला दादरला नेता येत नाही. आमची गाडी ५० ची होणार २०४५ मध्ये. तोवर तिला साध्या गाडीसारखंच जगायचंय, आणि दंडही म्हातारपणाचा भरायचाय!

कारण ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ५ हजारांवरून १० हजार केलं. आमचं काम अर्धवट असतानाच ही बातमी आली. आधीच अर्ज करून टाकावा म्हटलं, तर मुदत संपण्याच्या ६० दिवसांपेक्षा आधी अर्ज करता येत नाही. आणि उशीर केला, तर दरमहा ५०० रुपये जास्त. शिवाय पर्यावरण कर, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट. १५०० सीसीच्या वरच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये, त्यावर जीएसटी वेगळा.

आरटीओच्या तपासणीत अधिकाऱ्यांनी दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक बघितले आणि चासी नंबर ताडून पाहिला. त्यावरचा गंज चाचांनी आदल्या दिवशी हळूच घासून ठेवला होता, म्हणून बरं. नंबर वाचता येत नसेल, तर पुढचं सगळं अडतं. गाडी पास झाली. आता पुढची तारीख नोव्हेंबर २०३०.

तोपर्यंत नियम हेच राहतील का? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या प्रकरणात शहरातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याचा अभ्यास करायला सांगितलं आणि सरकारने समिती नेमली. जुनं डिझेल वापरणाऱ्याने हे लक्षात ठेवूनच पैसे घालावेत. शहराच्या हवेचा प्रश्न खरा आहे आणि आमची गाडी त्यातून सुटलेली नाही. म्हणून रोजच्या कामाला आम्ही लोकलच वापरतो. इस्टेट महिन्यातून तीन-चार वेळाच निघते.

हिशेब बघा

पंप-नोझल, प्लग, फिल्टर, बेल्ट, ऑइल : २४,००० रु.
ब्रेक आणि क्लच : १९,००० रु.
बॅटरी आणि वायरिंग : १४,००० रु.
रेडिएटर आणि पाइप : ७,००० रु.
चार टायर : २०,००० रु.
पत्राकाम आणि थोडा रंग : ३०,००० रु.
सीट : ९,००० रु.
आरटीओ, कर, विमा, नंबरप्लेट : २६,००० रु.
एकूण : १,४९,००० रु.

तुम्हीही विचार करताय?

आधी कागद बघा, मग गाडी. चासी नंबर आणि रजिस्ट्रेशनची मुदत तपासा. मॅट उचला, फ्लोअर ठोका. ब्रेक, टायर आणि वायरिंगवर आधी खर्च करा, रंगावर शेवटी. एक मिस्त्री धरा आणि कामाचे टप्पे पाडून पैसे द्या. आणि वरची मर्यादा कुणालातरी लिहून द्या, म्हणजे मोह आवरतो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही दहिसरच्या भाड्याच्या घरी सामान हलवलं. मोठं सामान टेम्पोत गेलं. देव्हारा, आजीचा आरसा आणि बाबांचा रेडिओ इस्टेटमध्ये, सीट आडवी करून. त्याच महिन्यात टाटांची नवी सिएरा बाजारात आली. जुनी सिएरा म्हणजे इस्टेटची सख्खी बहीण, तिचं नाव परत आलं. इस्टेटचं नाव मात्र कुणी काढत नाही. वांद्र्याच्या सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलं, “कौनसी गाडी है साहब?” बाबांनी कंपनी, मॉडेल, साल, सगळं सांगितलं. सिग्नल सुटला तरी सांगत होते.

माहीमच्या नव्या इमारतीच्या करारात आमच्या घराला एक पार्किंग आहे. तिथे कोणती गाडी लावायची, हा प्रश्न आता आईसुद्धा विचारत नाही.