एका ओळीत सॉफ्टवेअर

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं, पण घरच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर त्यानंतरही कित्येक वर्षं सीडीवरूनच येत राहिलं. ५६ केबीपीएसचा मोडेम कितीही मन लावून चालला तरी सेकंदाला सात केबीच्या पुढे सरकत नसे. त्या वेगाने ६५० एमबीची सीडी उतरवायची तर सव्वीस तास फोन अडकलेला, आणि मध्येच कुणी रिसीव्हर उचलला की सगळं मुसळ केरात. त्यापेक्षा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची फेरी परवडायची.

नेटवरून सॉफ्टवेअर घेण्याची नीट घडी बसवली ती लिनक्सवाल्यांनी. त्यांना वेगापेक्षा गुंत्याने जास्त छळलं होतं. एक प्रोग्रॅम बसवावा तर त्याला अमुक लायब्ररी हवी, ती आणावी तर तिला आणखी तिसरंच काही हवं. इअन मर्डॉकने १९९३मध्ये सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीने मार्च १९९९च्या २.१ आवृत्तीत यावर ‘ॲप्ट’ आणलं. ‘ॲप्ट-गेट इन्स्टॉल’ आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव, एवढंच टाइप करायचं. सोबत काय काय लागेल ते ॲप्ट स्वतः शोधणार, किती एमबी उतरेल आणि डिस्कवर किती जागा जाईल ते सांगणार, आणि ‘पुढे जाऊ?’ असं विचारून थांबणार. ‘वाय’ दाबलं की काम सुरू. (‘ॲप्ट-गेट मू’ टाइप केलं तर पडद्यावर अक्षरांची गाय उभी राहते. उपयोग शून्य, पण कुणी तिला हाकललेलं नाही.)

विंडोजवाले तेव्हा कुठकुठल्या साइटवरून सेटअप उतरवून ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत होते आणि सोबत एखादा आगंतुक टूलबार घरात घेत होते.

गंमत म्हणजे नेटवर पोसलेली उबुंटू ही लिनक्स प्रणाली आपल्याकडे अनेकांना भेटली ती पोस्टाने. मागाल त्याला फुकट सीडी पाठवण्याची तिची योजना २०११पर्यंत चालू होती.

२००७च्या डेबियन ४.०पासून ॲप्ट डिजिटल सही तपासू लागलं. माझ्या मते या सगळ्या वाटचालीतलं सर्वांत मोलाचं पाऊल हेच. मिरर, म्हणजे प्रती ठेवणारा सर्व्हर, कानपूरच्या आयआयटीतला असो की जर्मनीतला, पॅकेजांच्या यादीवरची सही पटली नाही तर ॲप्ट अडून बसतं. जानेवारी २०११मध्ये मॅकवर आणि २०१२मध्ये विंडोज ८वर स्टोअर आलं, ते एकाच खात्रीच्या ठिकाणाहून सॉफ्टवेअर घेण्याच्या याच कल्पनेवर दुकानाची पाटी लावून. फरक इतकाच की ॲप्टच्या यादीत आपण दुसरा सर्व्हर जोडू शकतो. दुकानात काय ठेवायचं ते मालक ठरवतो.

सहीलाही मर्यादा आहेच. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या लहानशा साधनात चोरदार सापडलं. ते घुसवलं होतं प्रकल्पात विश्वास कमावून बसलेल्या माणसाने, त्यामुळे सह्या सगळ्या बरोबर होत्या. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून अँड्रेस फ्रॉइंड नावाचे प्रोग्रॅमर खोदत गेले आणि बिंग फुटलं. डेबियनच्या फक्त चाचणीच्या शाखांत ते पोचलं होतं. ते काढायचं, तर ॲप्ट अपग्रेड करताना आपणहून मागच्या आवृत्तीकडे जात नाही. म्हणून जुन्याच मालाला नवा नंबर चिकटवून तो धाडण्यात आला: ‘५.६.१+रिअली५.४.५’.