दमास्कस सुरीवरची नक्षी फिकी पडली, म्हणजे सुरी नकली आहे का?

पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेली सुरी टोमॅटोचे पातळ काप करतेय, असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. हौसेने अशी महागडी सुरी घेतली जाते आणि काही महिन्यांत नक्षी फिकी पडू लागते. मग शंका येते, आपण फसलो का? नक्षी फिकी पडली एवढ्यावरून ते ठरत नाही. ती परत येऊ शकते का, यावरून ठरतं.

नक्षी येते कुठून?

आजच्या दमास्कस पात्यात दोन प्रकारच्या पोलादाचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेले असतात. पातं घासून गुळगुळीत केलं की हे थर जेमतेम दिसतात. म्हणून ते बऱ्याचदा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवतात. सर्किट बोर्डावरचं तांबं काढायला वापरतात, तेच हे रसायन. निकेल असलेला थर चकचकीत राहतो, दुसरा किंचित झिजून काळपट होतो. या प्रक्रियेला एचिंग म्हणतात.

जुन्या दमास्कस तलवारींची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या दक्षिण भारतात बनणाऱ्या वुट्झसारख्या पोलादाच्या असत. त्यांची नक्षी थरांतून नाही, तर एकाच लगडीतल्या कार्बाइडच्या बारीक कणांमुळे उमटायची.

रोजच्या वापरात काय होतं?

एचिंगचा काळपटपणा अगदी वरवरचा असतो. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर तो खरवडून काढतात. लिंबू, चिंच, कोकम यांच्या आंबटपणामुळे रंग बदलतो, डाग पडतात. दगडावर धार लावताना पात्याची बाजू घासली गेली, तर तेवढ्या भागातली नक्षी पुसट होते.

पण थर आत तसेच असतात. पातं पॉलिश करून पुन्हा एचिंग केलं की नक्षी परत दिसते. हे रसायन त्वचेला आणि डोळ्यांना घातक आहे, त्यामुळे हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

धारेवर परिणाम होतो का?

नाही. अनेक जपानी पद्धतीच्या सुऱ्यांमध्ये मधला गाभा व्हीजी-१० सारख्या एकाच कडक पोलादाचा असतो आणि नक्षीचे थर फक्त दोन्ही बाजूंना असतात. कापण्याचं काम हा गाभाच करतो. म्हणूनच अशा सुरीच्या धारेजवळच्या पट्ट्यात नक्षी नसते. तो नकलीपणाचा पुरावा नाही. धार किती टिकेल, हे गाभ्याचं पोलाद, त्याला तापवून थंड करण्याची प्रक्रिया आणि धारेचा कोन यांवर ठरतं.

मग नकली कोणती?

साध्या पोलादावर लेझरने किंवा छापून नक्षी उमटवलेल्या सुऱ्याही बाजारात मिळतात. एकाच मॉडेलच्या दोन सुऱ्यांवर रेघन् रेघ सारखी असेल, तर सावध व्हा. खऱ्या थरांत असं जुळणं जवळपास अशक्य असतं. खात्रीची परीक्षा एकच. पात्याचा छोटा भाग घासून पुन्हा एचिंग करायचं. छापलेली नक्षी तिथे परत येत नाही.

नक्षी जास्त काळ टिकवायची तर?

- वापरल्यावर लगेच मऊ स्पंजने धुवा आणि कोरडी पुसा.
- डिशवॉशरमध्ये टाकू नका.
- पातं कार्बन स्टीलचं असेल तर गंज लवकर धरतो. ठेवताना खाद्यतेलाचा हलका हात फिरवा.
- काच किंवा ग्रॅनाइटवर नाही, लाकडी पाटावर कापा.

घेताना विक्रेत्याला थर किती, हे विचारण्याआधी गाभ्याचं पोलाद कोणतं, ते विचारा. त्याचं उत्तर मिळत नसेल, तर पैसे फक्त नक्षीचे जातायत, असं समजायला हरकत नाही.