संशोधनाचें मोजमाप

बारावीचे निकाल लागले म्हणजे शहरांतील घरोघरीं एकच विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला कोठें घालावें? अमुक संस्था पहिली, तमुक सातवी असें सांगणाऱ्या याद्या वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि आईबाप पंचांग पाहावें तितक्या श्रद्धेनें त्या पाहतात. भारत सरकारची अशी यादी २०१६ सालापासून प्रसिद्ध होऊं लागली. तिच्या पहिल्याच वर्षीं विद्यापीठांच्या वर्गांत बंगळूरच्या 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स' या संस्थेचा क्रमांक पहिला लागला. अध्यापन, विद्यार्थ्यांचें पुढील यश इत्यादि गोष्टींबरोबर या यादींत संशोधनालाहि गुण असतात. आणि ते बव्हंशीं दोन गोष्टींवरून ठरतात. संस्थेंतून किती निबंध प्रसिद्ध झाले ही एक, आणि त्या निबंधांचा इतरांनीं किती वेळां उल्लेख केला ही दुसरी. ज्ञानासारखी वस्तु अशी आंकड्यांत कशी धरतात, त्या मापांत काय मावतें आणि काय सांडतें, हें ठाऊक नसेल तर यादीवरील श्रद्धा आंधळीच म्हणावी लागेल.

शास्त्रज्ञाच्या हातून कांहीं नवें निघालें म्हणजे तो त्यावर निबंध लिहितो व त्या विषयाच्या नियतकालिकाकडे पाठवितो. तेथें त्याच विषयांतील दोनतीन जाणते लोक तो तपासतात. त्यांच्या पसंतीस उतरला तर तो छापला जातो. निबंधाच्या अखेरीस, आपण कोणाकोणाच्या पूर्वीच्या कामावर आपलें काम उभारलें, याची यादी असते. हा एक प्रकारचा ऋणनिर्देशच होय. ज्या निबंधाचें ऋण पुष्कळांनीं मान्य केलें तो पुष्कळांच्या उपयोगीं पडला, असें मानण्यास हरकत नाहीं.

हे ऋणनिर्देश मोजण्याची कल्पना प्रथम कोणाची थोरवी ठरविण्यासाठीं निघाली नव्हती. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत पोमोना कॉलेज म्हणून एक संस्था आहे. लहान कॉलेजाच्या मर्यादित पैशांत रसायनशास्त्राचीं कोणतीं नियतकालिकें घ्यावींत, असा प्रश्न १९२७ सालीं तेथील ग्रॉस व ग्रॉस या दोघांनीं विचारांत घेतला. त्यांनीं एका प्रमुख नियतकालिकाचे एका वर्षाचे अंक घेऊन त्यांत कोणाचे किती उल्लेख आले आहेत तें मोजलें, आणि त्यावरून खरेदीची यादी केली. पुढें १९५५ सालीं यूजीन गारफील्ड यांनीं साऱ्या शास्त्रीय वाङ्मयाची अशी सूचि करण्याची योजना मांडली, आणि १९६४ सालीं ती सूचि प्रत्यक्ष बाहेर पडली. संशोधकाला जुना निबंध हातीं धरून त्यावरून पुढें झालेल्या कामापर्यंत पोंचतां यावें, हा तिचा मूळ हेतु होता. परंतु जें मोजतां येऊं लागलें, त्यावरून लवकरच माणसांची व संस्थांची प्रतवारीहि होऊं लागली.

या मापांपैकीं दोन विशेष प्रसिद्ध आहेत. पहिलें नियतकालिकाचें माप, ज्याला 'इम्पॅक्ट फॅक्टर' म्हणतात. एखाद्या नियतकालिकानें दोन वर्षांत २०० निबंध छापले आणि पुढच्या वर्षीं त्या निबंधांचे सगळे मिळून ६०० उल्लेख झाले, तर त्याचा अंक ३ झाला. हिशेब सोपा आहे. पण सरासरी ही फसवी वस्तु आहे. त्या ६०० पैकीं ४०० उल्लेख एकट्या दहा निबंधांचे असूं शकतात. मग उरलेल्या १९० निबंधांच्या वांट्यास सरासरीनें जेमतेम एकेक उल्लेख येतो. तरीहि त्या १९० निबंधांचे लेखक 'तीन अंकाच्या' नियतकालिकांत छापले गेले म्हणून मिरवूं शकतात.

दुसरें माप व्यक्तीचें. तें २००५ सालीं जॉर्ज हर्श या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनीं सुचविलें. एखाद्याच्या पांच निबंधांचे अनुक्रमें ४०, १२, ६, ४ व १ असे उल्लेख झाले असतील, तर निदान चार उल्लेख झालेले निबंध चार आहेत. म्हणून त्याचा अंक ४. या मापांत एखाद्याच गाजलेल्या निबंधाच्या जोरावर पुढें जातां येत नाहीं, हा गुण आहे; आणि तोच दोषहि आहे. ज्यानें जन्मांत दोनच निबंध लिहिले व दोन्हींनीं शास्त्राची दिशा बदलली, त्याचा अंक दोनाच्या वर कधींच जाणार नाहीं.

याशिवाय विषयाविषयांचे रिवाज निराळे असतात. वैद्यकाच्या निबंधांत उल्लेखांच्या लांबलचक याद्या असतात, गणिताच्या निबंधांत थोड्या. म्हणून वैद्यकवाले गणितज्ञांपेक्षां अधिक बुद्धिमान ठरत नाहींत. पायलीनें ज्वारी मोजावी तसाच भुसाहि मोजतां येतो, आणि पायली दोहोंत भेद करीत नाहीं. शिवाय बढती, मानमरातब व पैसा या मापांवर अवलंबून राहूं लागला, कीं माणसें मापासाठींच लिहूं लागतात. एका निबंधाचे तीन तुकडे होतात, मित्रमंडळी एकमेकांचे उल्लेख करूं लागतात, आणि पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकेंहि निघतात. माप तेंच राहतें, पण धान्यांत खडे वाढतात.

मापांतून काय सांडतें, हें पाहण्यास यादींत पहिल्या आलेल्या बंगळूरच्या संस्थेचाच इतिहास सोयीचा आहे. मुंबईचे उद्योगपति जमशेटजी टाटा यांनीं आपल्या मिळकतीचा मोठा भाग या कामीं देऊं केला. १९०४ सालीं ते वारले, त्यामुळें संस्था त्यांच्या दृष्टीस पडली नाहीं. म्हैसूर संस्थानानें जागा दिली, १९०९ सालीं संस्थेची कायदेशीर स्थापना झाली, १९११ सालीं पहिले विद्यार्थी आले, आणि १९५८ सालीं तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

पहिलें महायुद्ध सुरू होण्यापूर्वीं म्हैसूरचें चंदनाचें लांकूड जर्मनींत जाई व तेथें त्याचें तेल निघे. १९१४ सालीं युद्धामुळें तो मार्ग बंद झाला आणि चंदन पडून राहूं लागलें. तेव्हां संस्थेंतील रसायनशास्त्राचे अध्यापक सडबरो व वॉटसन यांनीं येथल्या येथें तेल काढण्याची रीत बसविली, आणि १९१६ सालीं बंगळुरांत तेलाचा कारखाना निघाला. पुढें त्याच तेलापासून म्हैसूरचा सुप्रसिद्ध चंदनी साबण होऊं लागला. ज्या घरांत तो साबण आजहि न्हाणीघरांत असतो, त्या घरांत या संशोधनाचा उल्लेख रोज होतो. मात्र तो कोणत्याहि सूचींत सांपडत नाहीं.

दुसरें उदाहरण याच्या अगदीं उलट, शुद्ध विचाराचें आहे. द्रवांतून मनुष्याच्या कानास ऐकूं न येणारा, अतिशय जलद कंपाचा ध्वनि सोडला म्हणजे त्यांत दाट व विरळ असे पट्टे एकाआड एक पडतात. त्यांतून प्रकाशाचा झोत आडवा जाऊं दिला, कीं तो एकटा न राहतां दोन्ही बाजूंस त्याच्या अनेक शाखा फुटतात. हा चमत्कार १९३२ सालीं अमेरिकेंत व फ्रान्समध्यें दिसून आला होता. त्याची उपपत्ति सर चंद्रशेखर वेंकट रामन व नागेंद्र नाथ यांनीं बंगळुरांत १९३५ व १९३६ सालीं पांच निबंधांतून मांडली. दाट पट्ट्यांतून जाणारा प्रकाश मागें रेंगाळतो, विरळांतून जाणारा पुढें सरतो. त्यामुळें बाहेर पडणाऱ्या प्रकाशलहरीला वस्त्राला पडाव्या तशा चुण्या पडतात. या चुण्यांवरून प्रत्येक शाखेंत किती प्रकाश जाईल, याचें गणित करतां येतें. १९६० सालीं लेसरचा शोध लागला, आणि त्याचा झोत वळविण्यास व कमीजास्त करण्यास ध्वनीचा उपयोग होऊं लागला. तेव्हां पंचवीस वर्षांमागच्या त्या गणिताला नवें क्षेत्र मिळालें, आणि 'रामन-नाथ' हें जोडनांव आजहि त्या शास्त्रांत रूढ आहे. दोन वर्षांचे उल्लेख मोजणाऱ्या मापाला अशा कामाची किंमत कळणें शक्यच नव्हतें.

तिसरें उदाहरण चुलीचें. १९७४ सालीं अमूल्यकुमार रेड्डी यांनीं संस्थेंत 'अस्त्र' नांवाचा एक उपक्रम सुरू केला. खेड्यांतील गरजांकडे शास्त्राची दृष्टि वळवावी, हा त्याचा उद्देश होता. विमानविद्या शिकविणाऱ्या संस्थेंतील पंडित स्वयंपाकघरांतील धुराचा विचार करूं लागले. लांकूड कमी लागावें व धूर नळीवाटे बाहेर जावा, अशी सुधारलेली चूल त्यांनीं तयार केली; कानडींत चुलीला 'ओले' म्हणतात, म्हणून तिचें नांव 'अस्त्र ओले' पडलें. धुरानें चुरचुरणारे डोळे किती कमी झाले, याची मोजणी निबंधांच्या संख्येवरून होत नाहीं.

आणि जें काम कधीं झालेंच नाहीं, त्याचें काय? लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांनीं १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरला प्रवेश मागितला. त्या स्त्री आहेत, एवढ्याच कारणास्तव तेव्हांचे संचालक रामन यांनीं तो नाकारला. कमलाबाई मागें हटल्या नाहींत. अखेर एक वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर त्यांना जागा मिळाली. त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम केलें, आणि त्यांच्या कामाची खात्री पटल्यावर संस्थेचें दार इतर विद्यार्थिनींनाहि उघडलें. पुढें केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतील श्वसनक्रियेसंबंधीं संशोधन करून त्यांनीं १९३९ सालीं डॉक्टरेट मिळविली. मुंबईस परतल्यावर नीरेच्या पोषणमूल्यावर त्यांनीं केलेलें काम महाराष्ट्राला परिचित आहे. प्रकाशाचें इतकें सूक्ष्म गणित मांडणाऱ्या शास्त्रज्ञाच्याच हातून हा अन्याय घडला, हें विसरतां येत नाहीं. कमलाबाई हट्टी होत्या म्हणून आंत गेल्या. ज्या दारावरूनच परतल्या, त्यांच्या न लिहिलेल्या निबंधांचा रकाना कोणत्याच यादींत नसतो.

मापें टाकून द्यावींत, असा याचा अर्थ नव्हे. हजारों संस्था, लाखों निबंध आणि सार्वजनिक पैसा यांचा हिशेब ठेवण्यास आंकडे हवेतच; ते नसतील तर वशिला व मोठेपणाचा दिमाख यांचेंच राज्य होईल. मात्र आंकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. शास्त्रज्ञांच्या जगांतहि ही जाणीव झाली आहे. नियतकालिकाच्या अंकावरून माणसाची किंमत करूं नये, असा जाहीरनामा २०१२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें तयार झाला. २०१५ सालीं 'लायडन जाहीरनाम्यानें' दहा तत्त्वें सांगितलीं. जाणत्यांच्या विचाराला आंकड्यानें मदत करावी, त्याची जागा घेऊं नये, हें त्यांतील पहिलें होय.

म्हणून मुलांसाठीं संस्था निवडतांना यादी अवश्य पाहावी, पण तिच्यापाशीं थांबूं नये. तेथील प्रयोगशाळेंत विद्यार्थ्याचा हात कामाला लागतो कीं नाहीं, अध्यापक स्वतः शिकवितात कीं नुसतें नांव लावतात, ज्याचें फळ वीस वर्षांनीं मिळेल अशा प्रश्नाला तेथें वेळ मिळतो कीं नाहीं, आणि दार सर्वांना सारखें उघडें आहे काय, इतकें विचारावें. पायली भरली कीं नाहीं हें कोणालाहि दिसतें. तिच्यांतले दाणे पेरले तर उगवतील काय, हें शेतकरी दाणा हातांत घेऊन पाहतो.