काळ्या थेंबाभोवतीची दुरुस्ती

जुन्या व्हिडिओ गेमचे स्क्रू काढून झाकण उचललं, की आमच्या एटापल्ली-आलापल्ली पट्ट्यात आधी दिसते ती लाल धूळ. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक या रस्त्याने धावू लागले तेव्हापासून ती घराघरात शिरली आहे. कॅसेटच्या खाचेत साचते आणि कॅसेट आत-बाहेर करताना पिनांवर घासते. तिच्याखाली पावसाळ्याचं काम: पिनांवर हिरवट थर, रबरावर बुरशी. हे सगळं ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, की सर्किटवर काळा, टणक थेंब दिसतो. आमच्या बालपणीचा सगळा मारिओ, सगळा काँट्रा त्या थेंबाखाली आहे.

मूळ यंत्र जपानचं. निन्टेन्डोचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला. तो घडवणाऱ्या चमूचे प्रमुख मासायुकी उएमुरा. त्यात रिकोह कंपनीच्या दोन मोठ्या चिप, एक हिशेबाची, दुसरी चित्राची, आणि मुख्य स्मृती अवघी २ किलोबाइट. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. आज फोनवरचा एक साधा फोटोही त्याहून कितीतरी मोठा असतो.

आपल्याकडे घरोघरी पोचली ती मात्र त्याची नक्कल. समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावं नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना आठवतील. १९९५ साली शॉ वॉलेसने सेगा या दुसऱ्या कंपनीचा अस्सल मेगा ड्राइव्ह भारतात आणला, त्याची किंमत होती १८,००० रुपये. त्या काळात एवढे पैसे खेळण्यावर घालणारी घरं किती असणार? नकलेने हा खेळ तालुक्याच्या गावापर्यंत आणला. म्हणून माझं ठाम मत आहे, की भारतातल्या संग्राहकाने अस्सल जपानी डब्याइतकाच, किंबहुना त्याच्याआधी, हा नकली डबा जपला पाहिजे. अस्सल फॅमिकॉम जगभर हजारोंनी जपून ठेवला आहे. आपला डबा भंगारात किलोवर जातो.

अडचण आहे ती त्या थेंबाची. अस्सल यंत्रातली चिप पाय सुटे करून काढता येते, दुसरी लावता येते. नकली यंत्रात खर्च वाचवायला चिपचा उघडा तुकडाच सर्किटवर चिकटवलेला, केसाहून बारीक तारांनी जोडलेला आणि वरून इपॉक्सी ओतलेला असतो. तो मेला की मेला. मात्र बंद पडलेल्या डब्यात दोष बहुतेक वेळा थेंबाबाहेरच सापडतो: वीज स्थिर ठेवणारा ७८०५ रेग्युलेटर, फुगलेले कपॅसिटर, सुटलेलं सोल्डर, सैल झालेली अ‍ॅडाप्टरची पिन.

सगळ्यात जास्त हाल रिमोटचे. तेव्हा कंट्रोलरला सगळे रिमोटच म्हणायचे. आठ बटणं आणि कामाच्या तारा फक्त पाच: वीज, अर्थ आणि तीन संदेशाच्या. पडद्यावरचं चित्र बदलतं त्या वेगाने यंत्र रिमोटला विचारतं. एका तारेवर ‘आत्ताची स्थिती धर’ असा इशारा जातो, दुसरीवर एकेक ठोका पडतो आणि तिसरीवरून आठ बटणांची उत्तरं ओळीने येतात: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. यातली एक तार तुटली तरी सगळाच रिमोट बिनकामाचा होतो. तार तुटते ती बहुधा रिमोटच्या तोंडाशी, कारण आपण सगळ्यांनी वायर रिमोटभोवती करकचून गुंडाळली होती. नकलांमध्ये तारांच्या रंगाला कसलाच नियम नाही, तेव्हा मल्टिमीटर लावून एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासावी लागते. तारा शाबूत असून एखादंच बटण चालत नसेल तर दोष रबराच्या टिकलीत. तिच्या तळाचा कार्बन झिजलेला असतो. कापसाने पुसून भागलं तर उत्तम, नाहीतर दुसऱ्या मेलेल्या रिमोटमधली टिकली काढून बसवायची. म्हणून मेलेले रिमोट मी फेकत नाही.

खेळाच्या बंदुकीचं दुखणं वेगळंच. बंदूक काही सोडत नाही, ती प्रकाश बघते. बदकं टिपायच्या खेळात घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतल्या सेन्सरला तो दिसला तर नेम लागला असं धरलं जातं. हे सगळं काचेच्या जुन्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं. सपाट टीव्हीवर चित्र उशिरा पोचतं, त्यामुळे धडधाकट बंदूकही तिथे नेम घेत नाही. बंदूक जपायची तर तो काचेचा टीव्हीही जपावा लागतो, आणि तो ठेवायला जागा लागते.

निन्टेन्डोने फॅमिकॉमची दुरुस्ती २००७ साली थांबवली. सुटे भाग मिळेनासे झाले होते. आपल्या डब्यांची दुरुस्ती गल्लीतल्या रेडिओ-टीव्हीवाल्यांनीच केली, तीही सर्किटच्या नकाशाशिवाय. त्यांची ती विद्या कुठे लिहिलेली नाही.

कॅसेटींची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटीत खेळ मोजकेच असायचे, तेच पुढच्या टप्प्यापासून किंवा जास्त जीव देऊन पुन्हा मांडलेले. कुणी निनावी माणसांनी ते बदल केले, यादीची पानं रंगवली, वर संगीत घातलं. त्यातल्या चिपही थेंबाखालीच, त्या बदलता येत नाहीत. पण वाचता येतात. साठ पिनांच्या खाचेत कॅसेट घालून आतला मजकूर संगणकावर उतरवणारी यंत्रं आता मिळतात. आपल्याकडच्या कॅसेटींचं हे काम फारसं झालेलं नाही.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल तर सापडल्या सापडल्या वीज लावू नका. अस्सल फॅमिकॉमच्या अ‍ॅडाप्टरची मधली पिन ऋण असते, नकलांमध्ये मात्र दोन्ही तऱ्हा दिसतात. उलटी वीज गेली तर थेंबाखालची चिप कायमची जाऊ शकते. आधी झाकण उघडा, पिनेपासून रेग्युलेटरपर्यंत धन-ऋण पाहून घ्या, आणि कॅसेटीवर फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना आणखी गंजतात.