वायुवाहिनीचा सांधा आणि अणुऊर्जेचा पहारा

५ नोव्हेंबर १९९० रोजी रोहा तालुक्यातल्या नागोठणे येथील आयपीसीएलच्या संकुलात इथेन-प्रोपेनची गळती झाली, पसरलेला वायू पेटला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. भोपाळला तेव्हा सहा वर्षेही पुरी झाली नव्हती. पेण-रोहा पट्ट्यातल्या जुन्या माणसांना तो स्फोट अजून आठवतो. वायू डोळ्यांना दिसत नाही आणि गळतीपासून ठिणगीपर्यंतचा वेळ कधी कधी काही मिनिटांचाच असतो, हे या भागाने तेव्हा फार मोठी किंमत मोजून पाहिले.

पेणजवळच्या हमरापूरची ओळख गणपतीच्या कारखान्यांची. पण पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरचे हे गाव ज्या पट्ट्यात आहे, तो राज्याच्या ऊर्जेचाही पट्टा आहे. उरणला समुद्रातून येणारा वायू, थळचा खत कारखाना, उसरचा वायुप्रकल्प, नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल या सगळ्यांना जोडणाऱ्या वाहिन्या रायगडच्या जमिनीखालून गेल्या आहेत. १९६२च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायद्याने सरकार अशा जमिनीचा फक्त वापरहक्क घेते. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, भातही लावता येते. मात्र त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. म्हणजे धोक्याचा शेजार कायमचा आणि तो सांभाळायची जबाबदारीही काही अंशी शेतकऱ्याचीच.

देखरेख करणारी कार्यालये कमी नाहीत. स्फोटक पदार्थांसाठी नागपूरची ‘पेसो’, वाहिन्यांसाठी दिल्लीचे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ, कारखान्यांसाठी राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. या यादीत अणुऊर्जा नियामक मंडळाचेही नाव येते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. तारापूरची अणुभट्टी सोडून या मंडळाचे रायगडच्या शेतात काय काम?

काम आहे ते सांध्याशी. पोलादी वाहिनीचा एक पाइप साधारण १२ मीटरचा. म्हणजे एका किलोमीटरमागे ऐंशीहून अधिक वेल्डिंगचे जॉइंट आले. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या जॉइंटच्या पोटात हवेचा फुगा, अडकलेली मळी किंवा केसाएवढी चीर असू शकते. ती शोधण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे गॅमा किरणांनी त्याचे छायाचित्र घेणे. कामावरची माणसे याला ‘आरटी’ म्हणतात आणि किरणोत्सारी गोळीला नुसते ‘सोर्स’.

हा सोर्स बहुधा इरिडियम-१९२चा. त्याचे अर्धायुष्य ७४ दिवसांचे, त्यामुळे तो वरचेवर बदलावा लागतो. वाशीचे ‘ब्रिट’ हे अणुऊर्जा विभागाचे केंद्र असे सोर्स पुरवते. गोळी वाटाण्यापेक्षाही लहान, पण तिला ठेवायचा ‘कॅमेरा’ चांगलाच वजनदार, कारण आत शिशापेक्षा जड अशा, इंधन म्हणून निरुपयोगी ठरलेल्या युरेनियमचे कवच असते. जॉइंटभोवती फिल्म गुंडाळायची, दोर बांधून माणसे लांब करायची, दुरूनच हँडल फिरवून केबलच्या टोकावरची गोळी नळीतून बाहेर सरकवायची, ठरलेली मिनिटे थांबायचे आणि पुन्हा आत ओढायची. ती खरोखर आत गेली का, हे मीटर हातात घेऊन तपासणे ही यातली सर्वांत महत्त्वाची पायरी. आणि रात्रभर काम करून दमलेला माणूस पहाटे नेमकी तीच गाळतो.

सामान्य नागरिकाला अशा कामांमुळे वर्षभरात १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सर्ग मिळू नये, अशी मर्यादा आहे. २० क्युरीच्या उघड्या इरिडियमपासून एक मीटरवर उभे राहिले, तर ती मर्यादा चाळीस सेकंदांच्या आत संपते. तेच दहा मीटरवर जवळपास एक तास लागतो, कारण अंतर दहापट झाले की मारा शंभरपट घटतो.

२००० साली इजिप्तमधल्या मीत हल्फा गावात वाहिनीच्या कामावरून असाच एक सोर्स हरवला. एका शेतकऱ्याने ती चकचकीत वस्तू उचलून घरी नेली. तो आणि त्याचा लहान मुलगा दोघेही मरण पावले. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातले कोबाल्ट-६० भंगारात पोचले आणि तिथेही एक बळी गेला. अणुभट्टीच्या भिंतीबाहेर, साध्या माणसांच्या हातात घडलेले हे अपघात आहेत.

असे अपघात होऊ नयेत हे पाहायचे काम ज्याचे, त्या अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ची, सरकारी आदेशाने झालेली. ज्या अणुऊर्जा आयोगाच्या कक्षेतल्या प्रकल्पांवर नजर ठेवायची, त्यालाच उत्तरदायी, अशी त्याची रचना होती. ही गोष्ट मला कायम खटकत आली आहे. २०१२च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी तिच्यावर बोट ठेवले. शिवाय देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० केंद्रे मंडळाकडे नोंदलेली असल्याचे दाखवून दिले. स्वतंत्र नियामक प्राधिकरणाचे २०११चे विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले. अखेर डिसेंबर २०२५मध्ये संसदेने ‘शांती’ विधेयक मंजूर केले आणि मंडळाला वैधानिक आधार दिला. त्याच विधेयकाने अणुऊर्जेचे क्षेत्र खासगी कंपन्यांनाही खुले केले. ज्यांच्यावर नजर ठेवायची ते वाढणार असतील, तर निरीक्षकही वाढले पाहिजेत. परवाना ऑनलाइन देता येतो, पण दोर बांधला आहे की नाही हे शेताच्या बांधावर उभे राहूनच कळते.

म्हणून वाहिनीचे काम गावाच्या हद्दीत आले, की ग्रामपंचायतीने ठेकेदाराला विचारावे: आरटी होणार आहे का, कोणत्या रात्री, मंडळाची परवानगी कुठे आहे, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी कोण? हे विचारायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही. आणि वाहिनीच्या कडेला किंवा भंगारात किरणोत्साराचे तीन पात्यांचे चिन्ह असलेली पेटी, किंवा केबलच्या तुकड्याला जोडलेली चकचकीत धातूची नळकांडी दिसली, तर हात लावू नका, मुलांना लांब न्या आणि ११२ला फोन करा.