गोव्यातील कॅसिनो : बंदीच्या कायद्यातील पळवाट

मुंबई-पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या पर्यटकाला पणजीत रात्रीच्या वेळी मांडवीच्या पात्रात दिव्यांनी झगमगणारी जहाजे दिसतात. या तरंगत्या कॅसिनोंमुळे गोव्यात जुगाराला सरसकट मोकळीक असल्याचा समज रूढ झाला आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे.

जुगार व सट्टा हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांच्या अखत्यारीत येतो. गोवा, दमण व दीव या तत्कालीन केंद्रशासित प्रदेशासाठी १९७६ मध्ये सार्वजनिक जुगार कायदा झाला, तो जुगाराला आळा घालण्यासाठी. १९९२ मध्ये त्यात ‘१३-अ’ हे कलम घालून पंचतारांकित हॉटेलांमध्ये स्लॉट मशीनना परवानगी देण्यात आली. १९९६ च्या दुरुस्तीने ‘ऑफशोअर’, म्हणजे किनाऱ्यापासून दूर असलेल्या जहाजांवर रूलेट, पत्ते यांसारख्या टेबलावरच्या खेळांनाही मुभा मिळाली. त्यामुळे गल्लीतला मटका गुन्हा आणि परवानाधारक जहाजावरची पैज कायदेशीर, अशी स्थिती निर्माण झाली.

त्यातही ही ‘ऑफशोअर’ जहाजे खोल समुद्रात नसून राजधानीला लागून वाहणाऱ्या नदीत नांगरलेली आहेत. ती मांडवीतून हलवावीत, ही मागणी जुनी आहे. विरोधी पक्षात असताना या जहाजांविरुद्ध आवाज उठवणारे मनोहर पर्रीकर २०१२ मध्ये मुख्यमंत्री झाले. जहाजे मात्र मांडवीतच राहिली. सरकारे बदलली, मुदतवाढ मिळत गेली.

याचे मुख्य कारण महसूल. परवाना शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते आणि वस्तू व सेवा कराचाही वाटा मिळतो. ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या खरेदी मूल्यावर २८ टक्के कर लागू झाला, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के करण्यात आला. त्याशिवाय हॉटेले, टॅक्सी व्यवसाय आणि कॅसिनोत नोकरी करणारे तरुण यांची मिळकतही या धंद्याशी जोडली गेली आहे.

असे असले, तरी १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई आहे. नोकरीसाठी तेथे जाता येते, डाव लावता येत नाही. २१ वर्षांखालील पर्यटकांनाही प्रवेश नाही. जो खेळ घरच्या माणसांना घातक ठरेल अशी सरकारलाच धास्ती वाटते, तो पाहुण्यांसाठी मनोरंजन कसा ठरतो, हा प्रश्न अनुत्तरितच आहे.

या मनोरंजनाचे गणितही समजून घेण्याजोगे आहे. एक शून्य असलेल्या रूलेटच्या चक्रावर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. प्रत्येक आकड्यावर १०० रुपये लावले, तर ३,७०० रुपये खर्च होतात. जिंकणाऱ्या आकड्यावर ३५ पट रक्कम व मूळ १०० रुपये मिळून ३,६०० रुपये परत येतात. उरलेले १०० रुपये, म्हणजे सुमारे २.७ टक्के, कॅसिनोचे. दोन शून्ये असलेल्या चक्रावर हेच प्रमाण ५.२६ टक्के होते. तेच पैसे रात्रभर पुन्हा पुन्हा डावावर लागत असल्याने ही लहान वाटणारी टक्केवारी खिसा रिकामा करण्यास पुरेशी ठरते. एखादा खेळाडू एखाद्या रात्री जिंकतोही. परंतु असंख्य डावांच्या हिशेबात कॅसिनोचीच सरशी होते. त्यासाठी कोणत्याही लबाडीची गरज भासत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव याच्या नेमका उलटा आहे. त्याच १९७६ साली महाराष्ट्राने कॅसिनोंवर नियंत्रण ठेवून कर वसूल करण्याचा कायदा केला. तो कधीच अमलात आला नाही आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. कॅसिनोंसाठी कायदा करणाऱ्या राज्यात त्या कायद्याखाली एकही कॅसिनो उघडला नाही. जुगार रोखण्यासाठी कायदा करणाऱ्या गोव्यात मात्र एका कलमाच्या आधारे ते उभे राहिले. तिजोरीला एकदा अपवादाची सवय लागली की तो मागे घेणे किती कठीण होते, हे मांडवीत नांगरलेली जहाजे वर्षानुवर्षे दाखवून देत आहेत.