मेंदीचा स्टॉल

चांदरातीला रत्नागिरीत राजिवडा, मिरकरवाडा भागांत घरोघरी मेंदी निघते. हीच कला आनंदमेळाव्यात गरजू मुलांसाठी निधी जमवायला उपयोगी पडते. तुम्ही स्टॉल मांडाल, तेव्हा मेंदी पारखून घ्या. मेंदीच्या पानांतले लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेवर सावकाश चढते. रंग आधी नारिंगी दिसतो, एक-दोन दिवसांत गडद होतो. लहान मुलांना एवढा धीर कुठला! म्हणून काही जण झटपट रंगणारी ‘काळी मेंदी’ आणतात. तिच्यात बहुधा केस रंगवण्याचे पीपीडी हे रसायन असते. त्याने कोवळ्या हातांवर फोड येतात, कधी व्रणही राहतात. त्यापेक्षा पानांची पूड भिजवून कोन घरीच भरा. पाच वर्षांच्या मुलाला वेलबुट्टी नको, एक छोटी होडी पुरे. तो चुळबुळ करू लागायच्या आत ती काढून होते.